लायब्ररी सायन्स शिकवायचंय: नोकरी सांभाळून एक कोर्स घ्यायचा की फुल-टाइम फॅकल्टी व्हायचं?

गेल्या काही महिन्यांत तीन-चार जणांनी मला हाच प्रश्न विचारलाय. लायब्ररीत आठ-दहा वर्षं काम झालंय, शिकवायची मनापासून आवड आहे, आणि डिपार्टमेंटकडून विचारणा आलीय की संध्याकाळचा एक कोर्स घ्याल का, तर तो घ्यावा की सरळ पीएचडी करून फुल-टाइमच्या मागे लागावं. मी नोकरी सांभाळून सहा वर्षं कॅटलॉगिंग शिकवलं, फुल-टाइमवाल्यांबरोबर कामही केलं, त्यामुळे दोन्ही बाजू जशा दिसल्या तशा सांगतो.

आधी मनातला एक अडसर काढून टाका, की पार्ट-टाइम म्हणजे दुय्यम. आपल्या क्षेत्राची सुरुवातच कामावरच्या माणसांनी शिकवण्यातून झालीय. १८८७ मध्ये दशमान वर्गीकरणवाल्या मेलव्हिल ड्युईने न्यूयॉर्कच्या कोलंबिया कॉलेजात लायब्ररी स्कूल काढलं तेव्हा शिकवायला तिथल्या लायब्ररीतली माणसं आणि बाहेरून लेक्चरला येणारे लायब्ररियन असायचे. लायब्ररी शिक्षणाची पाहणी करणाऱ्या १९२३ च्या विल्यमसन रिपोर्टने ही स्कूल्स युनिव्हर्सिटीत असावीत असा आग्रह धरला, आणि युनिव्हर्सिटी म्हटलं की रिसर्च करणारी कायमची फॅकल्टी आलीच. आज अमेरिका-कॅनडातल्या कोर्सेसना मान्यता देणारी अमेरिकन लायब्ररी असोसिएशन आपल्या स्टँडर्ड्समध्ये म्हणते की शिकवणं, रिसर्च आणि सर्व्हिस यांचा मोठा वाटा फुल-टाइम लोकांनी उचलावा, आणि जे स्पेशल विषय त्यांच्यापैकी कोणाला येत नाहीत तिथे पार्ट-टाइम शिक्षक खास उपयोगाचे. म्हणजे तुम्हाला बोलावलंय ते बहुतेक वेळा तुमच्या टेबलावरच्या कामासाठी.

आणि ते काम वर्गात खरंच दिसतं. आरडीए (कॅटलॉगिंगची नवी नियमावली) २०१० मध्ये आलं, लायब्ररी ऑफ काँग्रेसने ३१ मार्च २०१३ पासून ते लागू केलं, त्याच काळात मी शिकवत होतो. दिवसा ऑफिसात मार्कमधून (पुस्तकाची नोंद नंबरवार फील्डमध्ये भरायचा कॉम्प्युटर फॉरमॅट) जीएमडी, म्हणजे साहित्याचा प्रकार सांगणारा जुना शब्द, काढून ३३६, ३३७, ३३८ हे फील्ड भरायचे, प्रकाशनाच्या माहितीसाठी २६० च्या जागी २६४ वापरायचा, आणि संध्याकाळी तेच फील्ड फळ्यावर, दुपारी जे अडलं तेच उदाहरण म्हणून. छापील पुस्तकात यातलं काही यायच्या आधी पोरांच्या हातात होतं. पण ज्या सहकारी मॅडम फुल-टाइम होत्या त्या भारतीय ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथनच्या फॅसेटपासून (विषयाचे वेगवेगळे पैलू) सुरुवात करायच्या, रंगनाथनचीच १९३३ ची कोलन क्लासिफिकेशन ही वर्गीकरण पद्धत घेऊन एखादा विषय कसा फोडायचा यावर दोन-दोन आठवडे घालवायच्या, तेव्हा मला ते लांबण वाटायचं, आणि नंतर मार्कच्या जागी आणायच्या बिबफ्रेम या नव्या रचनेची चर्चा सुरू झाली तेव्हा त्यांच्याकडून शिकलेली मुलं पटकन रुळली, माझी मुलं मार्कचे टॅग पाठ असूनही 'वर्क' (मूळ कृती) आणि 'इन्स्टन्स' (तिची एखादी आवृत्ती) मध्ये अडकली. त्यामुळे प्रॅक्टिकलवाला शिक्षक केव्हाही भारी असं मी आता म्हणत नाही.

आता वेळ, इथेच बहुतेकांचा अंदाज चुकतो. समजा आठवड्याला ३ तास, १५ आठवडे, म्हणजे वर्गातले ४५ तास. ३० विद्यार्थी, प्रत्येकाच्या ४ असाइनमेंट, एक नीट तपासायला २५ मिनिटं धरा. झाले ५० तास. म्हणजे नुसतं तपासणं शिकवण्यापेक्षा जास्त, त्यात तयारी अजून धरलीच नाही, आणि पहिल्या वर्षी तयारी सगळ्यात जास्त खाते. कॅटलॉगिंगमध्ये वरवर बघून चालत नाही हो, २४५ चा, म्हणजे शीर्षकाच्या फील्डचा, दुसरा इंडिकेटर बघावा लागतो (क्रम लावताना सुरुवातीची किती अक्षरं सोडायची तो आकडा), इंग्रजी 'द' ची तीन अक्षरं आणि पुढची रिकामी जागा मिळून ४ यायला हवेत तिथे मुलं ३ लिहितात, आणि हे कोणी दाखवलं नाही तर तीच चूक घेऊन ती नोकरीला लागतात. फुल-टाइमवाल्याला हे तपासणं कामाच्या वेळेत बसवता येतं, तुम्हाला ते रात्री आणि रविवारी करायचंय.

पैशाचं थोडक्यात. ॲडजंक्टला, म्हणजे कोर्सपुरत्या नेमलेल्या पार्ट-टाइम शिक्षकाला, सहसा कोर्समागे ठरलेली रक्कम मिळते, पगारी रजा, विमा, पेन्शन बहुधा नाही. पक्की नोकरी असेल तर ही वरकमाई म्हणून ठीक, पण नोकरी सोडून तीन ठिकाणचे तीन कोर्स जोडून घर चालवायचा विचार कोणाच्या डोक्यात असेल तर माझं स्पष्ट मत, करू नका. एकदा माझा कोर्स सुरू व्हायच्या आठवडाभर आधी रद्द झाला, ॲडमिशन कमी म्हणून, पूर्ण सिलॅबस तयार होता आणि त्या तयारीचे काहीच मिळाले नाहीत. मला पगार होता म्हणून निभावलं, माझ्याबरोबरच्या एकीला नव्हता.

फुल-टाइमचा रस्ता सुरक्षित दिसतो पण लांब आहे. पीएचडीची वर्षं, मग अमेरिकन पद्धतीत टेन्युअरच्या (कायमची नेमणूक) आधीचा परीक्षेचा काळ, जो तिथल्या प्राध्यापक संघटनेच्या १९४० च्या निवेदनाप्रमाणे ७ वर्षांपेक्षा जास्त नसावा. त्या काळात पेपर, ग्रँट, कमिट्या. शिकवण्याच्या ओढीने गेलेल्या माणसाला कळतं की मोजमाप मुख्यतः पेपरांवर होतंय. आणि रोजचा कॅटलॉग सुटतो, पाच-सहा वर्षांत सिस्टिम बदलून गेलेली असते. पण सिलॅबसमध्ये काय असावं हे ठरवणाऱ्या मीटिंगमध्ये तुम्ही असता. ॲडजंक्टला त्या मीटिंगचं बोलावणंच सहसा नसतं, मत तर दूरच. मेटाडेटाचा कोर्स ऑप्शनल करून टाकला हे मला टाइमटेबल बघून कळलं होतं, मला याचं अजूनही वाईट वाटतं.

विद्यार्थ्यांच्या बाजूनेही बघा. टर्म संपली की अनेक ठिकाणी ॲडजंक्टचं लॉगिन आणि ईमेल बंद होतं, आणि दोन वर्षांनी ज्याला शिफारसपत्र हवंय तो त्याच बंद पत्त्यावर लिहीत बसतो. मी पहिल्याच तासाला स्वतःचा ईमेल देऊन ठेवायचो, तुम्हीही द्या.

मधला पर्यायही आहे, फुल-टाइम पण टेन्युअर-ट्रॅक नसलेली पोस्ट, फक्त शिकवण्यासाठी, ठरावीक वर्षांच्या कॉन्ट्रॅक्टवर. पेपरांचा दबाव कमी, पगार नियमित, फक्त दर वेळी कॉन्ट्रॅक्ट पुढे जाईल का ही धाकधूक असते. शिकवणं हेच ज्यांना हवंय त्यांनी आधी याची चौकशी करावी असं मला वाटतं. ऑनलाइनमुळे गाव बदलायची गरजही कमी झालीय, सॅन होजे स्टेटचा लायब्ररी सायन्सचा मास्टर्स तर २००९ पासून पूर्ण ऑनलाइनच आहे.

ज्यांना शिकवायला आवडतं की नाही हेच अजून पक्कं माहीत नाही त्यांनी एक कोर्स घ्यावा, पीएचडीसाठी नोकरी सोडण्याआधी तर नक्कीच. ज्यांच्या डोक्यात एखादा प्रश्न वर्षानुवर्षं घोळतोय, म्हणजे लोक कॅटलॉगमध्ये शोधतात तसं का शोधतात वगैरे, त्यांच्यासाठी फुल-टाइम, कारण असल्या प्रश्नाला लागणारा सलग वेळ ॲडजंक्टला मिळतच नाही.

हो म्हणायच्या आधी मात्र लेखी विचारून घ्या: जास्तीत जास्त किती विद्यार्थी, कोर्स रद्द झाला तर तयारीचे काय, आरडीए टूलकिट आणि वेबड्यूई (आरडीएचे नियम आणि ड्युई वर्गीकरण यांच्या ऑनलाइन साइट) यांचं लॉगिन मुलांना कोण देणार, तुम्ही बनवलेलं मटेरियल पुढे कोणाचं. आणि पहिल्याच वेळी 'इन्फर्मेशन अँड सोसायटी' सारखा पसरट कोर्स गळ्यात पडत असेल तर थांबून तुमच्या रोजच्या कामाचा विषय मागा, रेफरन्सवाल्याने रेफरन्स, सिस्टिमवाल्याने कोहा (लायब्ररीचं सॉफ्टवेअर). या टर्मला नसेल तर पुढच्या टर्मला म्हणा, तेवढं थांबलेलं चालतं.