दाढीवाला आयरिस घ्यावा की वॉकिंग आयरिस?

आयरिस घ्यायचाय म्हणणाऱ्या बहुतेकांच्या मनात दाढीवाला आयरिसच असतो. तीन पाकळ्या वर उभ्या, तीन खाली झुकलेल्या आणि खालच्यांवर ती केसाळ पट्टी. देखणेपणात त्याच्याशी कोणाची बरोबरी नाही, हे मान्यच. एका दांड्यावर चार-पाच कळ्या, एकेक फूल दोन-तीन दिवस टिकतं, काही जातींना गोड वासही असतो. माझ्याकडे तो आहे आणि वॉकिंग आयरिसही आहे. कोणी विचारलं तर मी दुसऱ्याकडे बोट दाखवतो, त्याचं कारण सांगतो.

दाढीवाला मूळचा थंड हिवाळ्याच्या आणि कोरड्या उन्हाळ्याच्या मुलखातला. हिवाळ्यात चांगला गारठा मिळाला तरच तो नीट कळी धरतो. साताऱ्याची थंडी त्याला जेमतेम पुरते, एखाद्या वर्षी पुरतही नाही. महाबळेश्वर-पाचगणीला थंडी बरी, पण तिथला पाऊस त्याच्या मुळावर येतो. सांगलीत पाऊस कमी, तशी थंडीही कमी.

पण माझा कौल फिरला तो थंडीमुळे नाही, पावसाळ्यातल्या उचलाउचलीमुळे. या झाडाचा गड्डा अर्धा मातीबाहेर, उन्हात ठेवावा लागतो. पूर्ण पुरला की फूल रुसतं आणि ओला राहिला की कुजतो. म्हणजे मृगाची चाहूल लागली की कुंड्या वळचणीला घ्यायच्या. वळचणीला ऊन नाही, पानं लगेच पिवळी पडायला लागतात, म्हणून उघडीप दिसली की पुन्हा अंगणात. यवतेश्वरच्या बाजूनं आभाळ काळं झालं की हातातलं काम टाकून पुन्हा आत. साताऱ्याचा पाऊस एकदा लागला की हे जून ते सप्टेंबर चालतं. चार दिवस गावाला जायचं म्हटलं तर शेजारच्या काकूंना दारापेक्षा कुंड्यांचीच जास्त आठवण करून द्यावी लागते. इतकं जपूनही एखादा गड्डा नरम पडतोच. बोटानं दाबला की आत जातो आणि असा घाण वास येतो की हात दोनदा धुवावे लागतात. सडका भाग कापून उरलेला उन्हात वाळवला तर कधी वाचतो, कधी नाही. ज्यांच्याकडे पावसापासून आडोसा असलेली, तरी दिवसभर उन्हाची गच्ची आहे, त्यांना कदाचित हा त्रास होणार नाही. माझ्याकडे तशी जागा नाही आणि आपल्याकडे फार घरांना ती असेल असंही वाटत नाही.

वॉकिंग आयरिस ब्राझीलकडचा, पावसाला सरावलेला. आंब्याखाली, भिंतीच्या कडेला, सकाळचं कोवळं ऊन आणि दुपारी सावली मिळेल तिथे लावला की झालं. फूल पांढरं, आतल्या वळलेल्या पाकळ्या निळ्या-जांभळ्या, मध्यभागी तपकिरी पट्टे. फूल गेल्यावर दांड्याच्या टोकाला छोटं रोप धरतं, त्याच्या वजनानं दांडा वाकतो, टोक मातीला टेकतं आणि तिथेच मूळ धरतं. असं एकेक पाऊल टाकत तो वाफा भरून काढतो. एका रोपातून शेजारीपाजारी वाटण्याइतकी रोपं निघतात.

त्याची उणीव म्हणजे फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, संध्याकाळी मिटून जातं. माझ्याकडे मात्र बऱ्याचदा सगळी झाडं एकाच दिवशी फुलतात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा, त्यामुळे ती उणीव मला फारशी बोचली नाही. एप्रिल-मेच्या दुपारच्या उन्हात पानांची टोकं करपतात, म्हणून तेवढी सावली हवीच आणि उन्हाळ्यात पाण्याची आबाळ चालत नाही.

काटेकोर बोलायचं तर हा आयरिस वंशातला नाही, फक्त त्याच कुळातला. ग्लॅडिओलस आणि केशरही त्याच कुळातले. खरा आयरिसच हवा असा हट्ट असेल तर नारिंगी पाकळ्यांवर लाल ठिपके असलेली ब्लॅकबेरी लिली बघा. तिला २००५ साली आयरिस वंशात घेतलं गेलं, आणि पाण्याचा निचरा चांगला असेल तर आपल्या हवेत ती बियांपासूनही सहज येते. दिवसभर उन्हाची जागा असेल तर आफ्रिकन आयरिस, म्हणजे डायटीस, जास्त सोयीचा. त्यातल्या पांढऱ्या जातीचे फुलून गेलेले दांडे कापू नका, त्यांनाच पुन्हा कळ्या येतात. डच आयरिसचे कंद एका हंगामाची हौस म्हणून ठीक, आपल्या उष्णतेत ते पुढच्या वर्षी क्वचितच फुलतात.

ऑनलाइन मिळणाऱ्या ‘सप्तरंगी आयरिस’च्या बियांवर पैसे घालवू नका. संकरित आयरिसच्या बियांतून आईसारखं फूल येत नाही आणि फुलायलाच दोन-तीन वर्षं जातात. दाढीवाला घ्यायचाच असेल तर गड्डा हातात घेऊन दाबून, हुंगून बघा. कडक आणि बिनवासाचा असेल तरच घ्या, आणि पावसाळा सरल्यावर लावा. काळ्या मातीत मुरूम किंवा जाड वाळू मिसळून वाफा उंच करा. घरात कुत्रं असेल किंवा गाईगुरं येत असतील तर हे गड्डे त्यांच्या तोंडाला लागणार नाहीत असे ठेवा, ते विषारी असतात.

वॉकिंग आयरिस मात्र जूनमध्ये आणा, आणि एकच आणा. नर्सरीवाला तीन घ्या म्हणेल, पण बाकीची रोपं हे झाड स्वतःच देतं.