वाकळीचे ब्लॉक कापायला कात्री, रोटरी कटर की डाय कटर?

खानापूरहून धाकट्या जावेचा फोन आला. "अक्का, सहा वाकळींची ऑर्डर आलीय, सगळ्या भिंगरीच्या नक्षीच्या. कापायला डाय कटर घेऊ काय?" डाय कटर म्हणजे पोलादी पात्यांच्या साच्यानं कापड कापणारं यंत्र. फोनवर अर्धंच सांगता आलं. तिच्यासारख्या बऱ्याचजणी विचारतात म्हणून सगळं लिहून काढतेय.

पहिला प्रश्न यंत्राचा नाहीच. तुम्ही काय शिवणार आहात? आपल्याकडची वाकळ, कन्नड घरांतली कौदी, म्हणजे जुनी लुगडी-धोतरं थरानं पसरायची, वरून तुकडे लावायचे आणि धावदोऱ्यानं सगळं बांधून काढायचं. हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका त्यांची कवंदी कडेपासून सुरू करून फिरत फिरत मध्यापर्यंत आणतात. तिथं आधी जागा दिसते, मग तिच्याजोगा तुकडा कापला जातो. अशा कामात डाय कटरला काहीच काम नाही. नेमक्या आकाराचेच तुकडे देणारं यंत्र तिथं हात बांधून टाकतं.

ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून केलेला ठरावीक मापाचा चौकोन, असे चौकोन जोडून वाकळ होते. त्याची गोष्ट उलटी. तिथं माप आधी ठरतं. नऊ चौकोनांच्या ब्लॉकमध्ये प्रत्येक तुकडा नुसता 1/16 इंच मोठा निघाला, तर दहा ब्लॉकच्या ओळीत जवळजवळ 2 इंच वाढतात. मग कोपरे जुळत नाहीत आणि उसवत बसावं लागतं. म्हणून कापणीचा एवढा विचार.

कात्री घरात असतेच. पुठ्ठ्याचा साचा, खडू आणि धारदार कात्री एवढ्यावर एक उशीचा अभ्रा किंवा बाळाची दुपटी छान होते. गोल आकार, पानं-फुलं यांना तर कात्रीच बरी. पण दोनपेक्षा जास्त थर घेतले की खालचा सरकतो, आणि शंभर-दीडशे तुकड्यांनंतर अंगठ्याचा सांधा बोलायला लागतो.

रोटरी कटर म्हणजे दांड्याला बसवलेलं गोल पातं. जपानच्या ओल्फा कंपनीनं तो 1979 मध्ये आणला. 45 मिलिमीटरचं पातं, खाली कापणीची मॅट आणि 6 बाय 24 इंचांची पारदर्शक मोजपट्टी एवढ्यात कुठल्याही मापाचा चौकोन, पट्टी, त्रिकोण निघतो. चार थर सहज कापले जातात. 44 इंच पन्ह्याच्या सुती कापडातून साडेचार इंचांची एक पट्टी काढली की नऊ चौकोन मिळतात. चौकोन आणि पट्ट्या हेच तुमचं काम असेल तर डाय कटर यापेक्षा फार पुढं जात नाही, हे मी अनुभवानं सांगते. मोजपट्टी दाबून धरणारा हात मात्र दुखतो. आणि घरात लहान मुलं असतील तर प्रत्येक कापणीनंतर पातं झाकायचंच.

आता डाय कटर. जाड पाटीत आकाराप्रमाणे पोलादी पाती बसवलेली असतात, भोवती फोम. हाच डाय. त्यावर कापड, कापडावर मॅट, आणि हँडल फिरवून सगळं दोन रुळांमधून काढायचं. अ‍ॅक्युक्विल्टच्या गो यंत्रात सुती कापडाचे सहा थर एका वेळी कापतात. सिझिक्सचं बिग शॉटही याच जातीचं. हातानं फिरणाऱ्या यंत्राला वीज लागत नाही. क्रिकट मेकरसारखं विजेचं यंत्र एकेकच थर कापतं, म्हणून ब्लॉकसाठी मी ते सुचवणार नाही.

डायची खरी कमाल त्रिकोणात आहे. जावेचीच ऑर्डर घ्या. एका वाकळीला 8 इंची 77 ब्लॉक, एका भिंगरीत 8 त्रिकोण, म्हणजे सहा वाकळींना 3696 त्रिकोण. रोटरीनं 4⅞ इंचांचे 1848 चौकोन कापून प्रत्येक तिरपा दुभंगायचा, शिवल्यावर बाहेर आलेली शेपटं छाटायची. डायमध्ये शिवणीचा पाव इंच धरलेला असतो आणि टोकं आधीच छाटून येतात, त्यामुळं दोन त्रिकोण जुळवताना चुकायची जागाच उरत नाही. एका डायवर दोन त्रिकोण असतील तर सहा थरांत बारा, म्हणजे 308 वेळा हँडल फिरवलं की काम झालं.

पण कापडाचा उभा धागा यंत्रात जायच्या दिशेनंच ठेवा. मी पहिल्यांदा आडवा ठेवला, दाबाखाली कापड ताणलं आणि चौकोन आयताकडं झुकले. दोन दिवस मी डायलाच दोष देत होते. जुनी मऊ लुगडी असतील तर तांदळाची कांजी देऊन, इस्त्री करून मगच थर लावा. खणाचे आणि इरकलच्या पदराचे तुकडे डायला देऊच नका. त्यांचे धागे सुटतात, पाव इंचाची शिवण टिकत नाही. ते कात्रीनं, अर्धा इंच सोडून कापा.

खर्चाचं दुखणं वेगळं आहे. रोटरीची एक मोजपट्टी सगळ्या मापांना चालते, डाय मात्र प्रत्येक आकाराला आणि मापाला वेगळा. मॅट झिजते, म्हणून ती उलटसुलट करून वापरायची. कापडही डायच्या पात्यांबाहेर सगळीकडून पाव इंच जास्त लागतं. शिंप्याकडून आणलेल्या लहान चिंध्या त्यात बसत नाहीत.

जावेला मी यंत्र घ्यायलाच सांगितलं, पण सोबत त्रिकोणाचा एकच डाय आणि दोन मॅट. आठ डायचा संच आत्ता नको. चौकोन लागले तर माझा रोटरी कटर आहेच, येत्या रविवारी एसटीनं पाठवते. तुमची वर्षाकाठी एक-दोन वाकळींची हौस असेल तर रोटरीच घ्या. बोटांचे सांधे धरले असतील तर मात्र एका वाकळीसाठीही डाय कटरचा विचार करा, कारण त्यात जोर हँडलवर पडतो, बोटांवर नाही.