स्कूटरवाल्या भाऊंनी जागवलं जॉन्सनचं मशीन

बाबांची 10 हॉर्सपॉवरची जॉन्सन आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावायची मोटर, 1960च्या दशकातली. नागपुरात हे कोण दुरुस्त करणार? आधी एका चकचकीत वर्कशॉपने तीन आठवडे ठेवून "पार्ट मिळत नाही" म्हणून परत केली, वर कव्हरचे दोन स्क्रू हरवले.

मग कॉटन मार्केटजवळच्या गल्लीतलं हे जुनं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. भाऊंनी पुलर लावून फ्लायव्हील काढलं आन् हसले, "अरे बावा, हे तं लॅम्ब्रेटासारखंच मॅग्नेटो आहे!" मॅग्नेटो म्हणजे बॅटरीशिवाय स्पार्कची वीज बनवणारा भाग; लॅम्ब्रेटा ही जुनी स्कूटर.

आत वायरींचं रबर पापडासारखं तडकलेलं, हात लावला की भुगा. उघडी तार प्लेटला टेकत होती, मग स्पार्क येणार कुठून? दोन्ही कॉइलला तडे होते, त्या मी बाहेरून मागवल्या. वायर मात्र भाऊंनी स्वतः निवडली: बारीक तारांची, कथील चढवलेली, कारण नुसतं तांबं ओलाव्यात हिरवं पडतं. प्लगला तांब्याच्या गाभ्याची केबल टाकली. कार्बनवाली मीच नेली होती, ती बाजूला सारली. पॉइंट, म्हणजे स्पार्कसाठी उघडझाप करणारे संपर्क, घासले, त्यांच्यातली गॅप फीलर गेजने 0.020 इंच, म्हणजे अर्धा मिलिमीटर.

मजुरी 1,400 रुपये. वेळेच्या बाबतीत मात्र दोन तारे कापतो. "उद्या या" असं पाच वेळा ऐकलं, आणि दुकानात बसायला स्टूलही नाही.

पाण्याच्या ड्रममध्ये लावून तिसऱ्यांदा दोरी ओढल्यावर सुरू झाली. धूर थेट शेजारच्या रसवंतीत.