ट्रेल्स सिरीज कुठून सुरू करायची: सात महिने आणि एक फॉरमॅट झाल्यावर

लॅपटॉप हँग होतोय म्हणून दुरुस्तीला दिला, तर त्या बाबाने न विचारता फॉरमॅट मारला आणि वर साडेआठशे रुपये घेतले. ट्रेल्स ह्या व्हिडिओ गेम सिरीजमधला पहिला गेम 'ट्रेल्स इन द स्काय', त्यात खेळलेले माझे बत्तीस तास गेले. भांडलो तर म्हणतो, "गेमच होता ना, लग्नाचे फोटो थोडेच होते." पण त्या फॉरमॅटमुळेच ह्या गेमबद्दलचं माझं मत बदललं, म्हणून हे लिहितोय.

आधी माझा गाढवपणा. फालकॉम ह्या जपानी कंपनीच्या ह्या सिरीजची गोष्ट दहाच्या वर गेम एकाच जगात पुढे सरकत राहते, हे माहीत असूनही मी 'कोल्ड स्टील' ह्या बऱ्याच पुढच्या भागापासून घुसलो, का तर दिसायला नवीन आणि सेलमध्ये स्वस्त. तिथे एक राजपुत्र भेटतो. नंतर स्काय लावला तर बोस शहरात तोच प्राणी ल्यूट नावाचं तंतुवाद्य वाजवत, दुसऱ्यासाठी ठेवलेली महागडी वाइन ढोसून जेलमध्ये जातो, बाई-पुरुष न बघता लाइन मारतो, आणि हा नक्की कोण हे हिरॉइन एस्टेलला माहीत नाही, तिचा जोडीदार जोशुआला माहीत नाही, फक्त मला माहीत! गंमतच गेली. (तुमचीही घालवली, सॉरी, पण निदान नाव नाही घेतलं.)

बरं, स्काय सुरुवातीला रटाळ वाटतो हे खरंय. 2004चा गेम, सुरुवातीच्या रोलेंट गावात फुटकळ कामं, पात्रं बोलायची थांबत नाहीत. मी टर्बो मोड, म्हणजे सगळं भराभर पळवायची सोय, लावून पळवला. मग फॉरमॅट झाला, परत पहिल्यापासून, आणि ह्या वेळी चिडून टर्बो लावलाच नाही, म्हटलं जे गेलं ते तरी नीट बघू. तेव्हा कळलं की कथेत जरा काही घडलं की गावातली अख्खी माणसं नवीन काहीतरी बोलतात. सरायवाली, पोरं, सगळी. पुढे रुआन गावाजवळच्या शाळेतल्या नाटकात मुली सरदार होतात आणि जोशुआ राजकन्या, तो प्रवेश पहिल्यांदा मी ढकलला होता, आता बालगंधर्व आठवले आणि एकटाच हसत बसलो.

पण खरी गोष्ट म्हणजे वाटेत सापडणाऱ्या खजिन्याच्या पेट्या, त्याही रिकाम्या. माल काढून झालेल्या पेटीला परत हात लावा, जुन्या इंग्रजी भाषांतरवाल्यांनी तिथे एकेक टवाळी लिहून ठेवलीय. पेटीच उलट तुम्हाला ऐकवते! कोण बघणार होतं ते? तरी लिहिलं. मी आता राक्षस मागे लागलेला असतानाही वळून पेटीला हात लावून येतो, बायको म्हणते तुला लढाईपेक्षा खोकी आवडतात, तर हो, आवडतात.

2025मध्ये पहिल्या भागाचा रिमेक आलाय, पूर्ण थ्रीडी, लढाई पण बदललीय, दिसतो झकास. पैसे आणि ग्राफिक्स कार्ड असेल तर खुशाल तिथून सुरू करा, गोष्ट तीच आहे. माझ्या डबड्यावर तो चालणार नाही, जुना मात्र पंख्याचा आवाजही न होता चालतो. पुढे स्कायचेच बाकीचे दोन, मग क्रॉसबेल ह्या दुसऱ्या प्रदेशात घडणारे झीरो आणि अझूर, कोल्ड स्टील त्यानंतर. त्याच्याही पुढच्या 'डेब्रेक'ला देश नवा, हिरो नवा, म्हणून काहीजण तिथून सुरू करा म्हणतात, पण मी एकदा पोळलोय.

आणि सेव्ह, म्हणजे गेम कुठवर आलाय त्याची फाइल, पेनड्राइव्हवर काढून ठेवा, कारण पहिल्या भागाचा सेव्ह दुसऱ्यात चालतो. तो दुसरा भाग सेल लागेल तेव्हा घेऊ असं ठरवलं होतं. पहिला रात्री पावणेदोनला संपला, शेवट असा काही तोडलाय की दोन वाजता मी पूर्ण किंमत भरून मोकळा झालो. पूर्ण किमतीत घेतलेला आयुष्यातला पहिला गेम, घरी अजून सांगितलेलं नाही.