जुनी माझदा एमएक्स-५ : पत्रा पाहून घ्यावी अशी गाडी

फेब्रुवारी १९८९ मध्ये शिकागोच्या मोटार प्रदर्शनात जपानच्या माझदा कंपनीने ही दोन आसनांची, उघड्या टपाची गाडी मांडली, तेव्हा अशा हलक्या गाड्यांची ब्रिटिश परंपरा जवळजवळ आटोपली होती. त्या परंपरेतल्या एमजीबी या गाडीचे उत्पादन तर १९८० मध्येच बंद पडले होते. त्या गाड्यांचा आनंद हिरोशिमाच्या अभियंत्यांनी रोज बिनधास्त चालू होणाऱ्या यंत्रात आणून बसवला, आणि १९९७ पर्यंत निघालेली ही पहिली पिढी आजही हौशी माणसाला परवडण्याजोगी आणि स्वतः दुरुस्त करण्याजोगी राहिली आहे. इथे इंग्लंडमध्ये अशी गाडी बाळगणारा मालक म्हणून मी हे लिहीत आहे.

सुरुवातीच्या गाड्यांतील १५९८ सीसीचे इंजिन सुमारे ११५ अश्वशक्ती देते, आणि आजच्या हिशेबाने ही ताकद बेताचीच म्हणावी लागेल. परंतु गाडीचे वजन जेमतेम ९५० किलोच्या आसपास आहे, ताकद मागच्या चाकांना जाते, आणि गिअरबॉक्स व मागच्या चाकांना ताकद वाटून देणारे डिफरन्शियल यांना जोडणारी अॅल्युमिनियमची एक लांब तुळई असल्यामुळे अॅक्सिलरेटर दाबताच, मध्ये कुठलीही ढिलाई न जाणवता, गाडी पुढे सरकते. गिअरचा आखूड दांडा नुसत्या मनगटाच्या हालचालीने पडतो. दोन्ही बाजूंना कुंपणे असलेल्या अरुंद, वळणावळणाच्या गावरस्त्यावर ताशी चाळीस मैलांच्या वेगातही चालवल्याचे पुरेपूर समाधान मिळते. त्यासाठी कायदा मोडावा लागत नाही, हे मला या गाडीचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य वाटते.

यांत्रिक दुरुस्त्या बहुतेक साध्या आहेत. पेडलचा दाब क्लचपर्यंत पोचवणाऱ्या स्लेव्ह सिलिंडरचे सील कधी ना कधी गळतेच, आणि मग क्लचचे पेडल खाली बसते. भाग स्वस्त आहे आणि बदलायला फारसा वेळ लागत नाही. इंजिनाच्या झडपांची वेळ साधणारा टायमिंग बेल्ट साठ हजार मैलांवर बदलावा. वर उघडणाऱ्या दिव्यांची मोटर अडली, तर मोटरवरची छोटी मूठ हाताने फिरवून दिवा वर आणता येतो, ही सोय करणाऱ्याचे मला मनापासून कौतुक वाटते. अगदी सुरुवातीच्या इंजिनांत मात्र क्रँकशाफ्टचे, म्हणजे इंजिनातल्या मुख्य फिरत्या दांड्याचे, पुढचे टोक आखूड असून पुली तिथे सैल होण्याचा दोष आहे, त्यामुळे १९९० किंवा १९९१ ची गाडी घेताना तेवढी चौकशी जरूर करावी.

खरा शत्रू गंज आहे. टपावरचे पावसाचे पाणी रबरी पन्हळीतून आसनांच्या मागच्या दोन कोपऱ्यांतील छिद्रांत उतरते आणि नळीवाटे गाडीखाली जाते. पाने आणि चिखल साचून ती नळी तुंबली की पाणी सिलमध्ये, म्हणजे दारांखालच्या पत्र्याच्या पोकळ पट्टीत, शिरते, आणि पत्रा आतून सडत जातो. मागच्या चाकाच्या अगदी पुढे, सिलच्या टोकाशी, रंगाला बारीक फोड दिसू लागतात. बोटाने दाबल्यावर तिथे करकर आवाज आला, तर आतला पत्रा उरलेला नाही असे समजावे. हिवाळ्यात इथल्या रस्त्यांवर मीठ टाकतात, त्याने हे काम आणखी झपाट्याने होते. सीटबेल्ट किंवा सस्पेन्शन जिथे जोडलेले असते, त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत गंजाने पत्रा कमकुवत झालेला आढळल्यास, गाडी रस्त्यावर आणण्याजोगी आहे का हे पाहणाऱ्या वार्षिक एमओटी तपासणीत गाडी नापास होते, आणि सिल कापून नवा पत्रा वेल्ड करणे हे इंजिनाच्या कुठल्याही नेहमीच्या कामापेक्षा महाग पडते. म्हणूनच थोडे ऑइल गळणारी पण बिनगंजाच्या पत्र्याची गाडी मी केव्हाही पसंत करीन. गंजलेल्या जागी लांबी (पुट्टी) भरून, वरून चकचकीत रंग मारलेली गाडी कितीही गोड चालत असली, तरी तिच्या वाटेला जाऊ नये.

जपानमध्ये युनोस रोडस्टर या नावाने विकल्या गेलेल्या अनेक गाड्या वापरलेल्या अवस्थेत इथे आल्या. त्यांचेही स्टिअरिंग उजवीकडेच असल्यामुळे त्या घ्यायला हरकत नाही, मात्र इथे आल्यावर खालून गंजरोधक लेप दिला होता का, हे विचारावे. टप खाली करण्यापूर्वी मागच्या प्लास्टिक खिडकीची चेन उघडून ती सपाट ठेवावी. तशीच दुमडली तर तिला कायमची घडी पडते आणि थंडीत ती तडकते.

उंच माणसाला ही गाडी अडचणीची वाटेल. सामानाच्या कप्प्यातही स्टेपनी आणि बॅटरी बरीच जागा अडवतात. गाडी पाहायला शक्यतो पाऊस पडून गेल्यावर जावे आणि आसनांमागचा गालिचा तळहाताने दाबून पाहावा. तो ओला लागला, तर सिल नीट तपासल्याशिवाय किमतीचे बोलणे सुरूच करू नये.