गड्ड्यावरची ‘सोलर’ पॉवर बँक: उन्हात दिवा लागतो, बॅटरी भरत नाही

आमच्या मामांची मंगळवेढ्याकडं ज्वारी आहे. हुरड्याच्या दिवसांत रात्री राखणीला रानात थांबावं लागतं. तिथं वीज नाही आणि फोन बंद पडला की घरच्यांच्या जिवाला घोर. म्हणून सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत, म्हणजे गड्ड्यावर, होम मैदानावरच्या एका स्टॉलवरून त्यांच्यासाठी सोलर पॉवर बँक घेतली, बाराशे रुपयांना. खोक्यावर ‘50,000 एमएएच’ (बॅटरीत किती चार्जिंग मावतं त्याचं माप) असं ठळक छापलेलं. “मालक, नुसती उन्हात ठेवा, लाईटीचं नावच काढू नका,” असं म्हणत विक्रेत्यानं माझाच फोन लावून चार्ज होताना दाखवला.

फसवणूक त्या दाखवण्यातच आहे. बॅटरी आधीच विजेवर भरून ठेवलेली असते, फोन चार्ज होतो तो तिच्यावर. पॅनल उन्हाकडं धरलं की हिरवा दिवा लागतो आणि गिऱ्हाईक खूश. रानात ती एकदा रिकामी झाली ती झालीच. दिवसभर उन्हात ठेवूनही फोन चार्जिंग घेईना. ओळखीच्या मोबाईल मेकॅनिकनं उघडली, तर आत एकच पातळ सेल आणि पॅनलच्या तारा फक्त त्या हिरव्या दिव्यापर्यंत गेलेल्या.

हा नकली माल, चांगला घेतला असता तर चालला असता, असं वाटेल. पण पॅनल खरोखर जोडलेलं असलं तरी हिशेब जमत नाही. भर दुपारी एका चौरस मीटरवर साधारण 1,000 वॅट ऊन पडतं. तळहाताएवढ्या, म्हणजे 100 चौरस सेंटिमीटरच्या पॅनलवर 10 वॅट. त्यातून वीज निघते जेमतेम दीड-दोन वॅट. खऱ्या 20,000 एमएएचच्या बॅटरीत 74 वॅट-तास मावतात. रोज पाच-सहा तास कडक ऊन मिळालं तरी दिवसाला दहाएक वॅट-तासच जमतात, म्हणजे ती भरायला आठवडा उलटतो.

50,000 चा आकडा तर हातात घेतल्या घेतल्या ओळखता येतो. पॉवर बँकेत वापरतात तो चांगल्यातला चांगला गोल सेल (‘18650’ मापाचा) 3,500 एमएएचच्या आसपास असतो आणि वजन 45 ग्रॅमच्या पुढं. असे चौदा-पंधरा सेल लागतील, म्हणजे पाऊण किलोच्या घरात. आमची पाव किलोसुद्धा भरली नाही.

मला सगळ्यात जास्त संताप येतो तो “उन्हात ठेवा” या सल्ल्याचा. लिथियम बॅटरी 45 अंशांच्या वर चार्ज करायची नसते. सोलापुरात मे महिन्यात सावलीतच पारा चाळिशी ओलांडतो. काळ्या रंगाची डबी पत्र्यावर ठेवली तर आत काय होत असेल? ती फुगते, पेटूही शकते. गंजीजवळ, गोठ्यावर हे ठेवणारी माणसं आहेत हो.

रानासाठी घ्यायचंच असेल तर 20 वॅटच्या आसपासचं, यूएसबी असलेलं घडीचं पॅनल वेगळं घ्या. पॅनल उन्हात आणि साधी पॉवर बँक वायर लावून सावलीत. पॉवर बँकेवर ‘R-’ ने सुरू होणारा बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) नोंदणी क्रमांक असतो, तो ‘बीआयएस केअर’ ॲपवर तिथंच तपासा. पक्कं बिल मागा. बिल असलं की 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नीट मांडता येते. आमच्याकडं बिल नव्हतं आणि यात्रा उठल्यावर स्टॉलही राहिला नाही.

अशी डबी कुणाच्या घरात असेल आणि फुगली असेल, तर चार्जिंगला लावू नका, टोचू नका, घंटागाडीत टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या.