एक लाल पट्टा आणि चार प्रोग्रॅम: सिम्युलेटरमधलं विमान कशात रंगवावं?

नाकापासून शेपटापर्यंत एक लाल पट्टा, एवढंच करायचं होतं. डीसी-३ या जुन्या प्रवासी विमानाच्या खिडक्यांखालून जाणारा, खालच्या अंगाला बारीक निळी किनार असलेला. पहिल्या संध्याकाळी अर्ध्या तासात काढूनही झाला. एक्स-प्लेन या विमान उडवण्याच्या सिम्युलेटरमध्ये विमान उघडलं, तर पट्टा दरवाज्यापर्यंत ठीक, दरवाज्यापाशी चार पिक्सेल घसरलेला आणि नाकावर जाऊन चक्क वर वळलेला.

मी कपडे शिवते, त्यामुळे हे दुखणं ओळखीचं निघालं. विमानाचं टेक्स्चर, म्हणजे त्याच्या मॉडेलवर चढवायचं सपाट चित्र, हे बेतून कापलेलं कापडच. डावी बाजू इथे, उजवी तिथे, नाकाचा तुकडा कोपऱ्यात, इंजिनांची झाकणं उरलेल्या जागेत कोंबलेली. चौकडीचं कापड असलं की शिवणीवर चौकडी जुळवताना जीव जातो, तसाच इथे पट्टा जुळवताना जातो. त्यात नाक गोल. ते सपाट पसरताना ताणलं जातं, म्हणून विमानावर सरळ दिसायला हवी ती रेघ टेक्स्चरवर वाकडीच काढावी लागते. किती वाकडी, हे चुकत-माकत कळतं. माझ्या पट्ट्याला एकवीस खेपा लागल्या.

म्हणून सगळ्यात आधी मी बघते, की काढलेली रेघ नंतर हलवता येते का. ब्रश किती आहेत याला रिपेंटमध्ये, म्हणजे विमान नव्यानं रंगवण्यात, फारसं महत्त्व नाही, मी तर ब्रश क्वचितच हातात धरते. पट्टा, नाव, नोंदणीची अक्षरं हे सगळं वेक्टरमध्ये, म्हणजे पिक्सेलांऐवजी गणितानं आखलेल्या रेघांत, असेल तर एकविसाव्या खेपेलाही कड धारदार राहते. पिक्सेलमध्ये काढून ओढाताण केलीत तर पाचव्या खेपेला कडा उसवलेल्या दिसतात.

या बाबतीत फोटोशॉपला तोड नाही. भाच्याकडे आहे, त्याच्याकडे बसून मी आठवडाभर वापरलं. बोधचिन्ह स्मार्ट ऑब्जेक्ट म्हणून एकदा ठेवलं, की शेपटावर, इंजिनावर, दरवाज्याशेजारी त्याच्या प्रती लावायच्या. मूळ बदललं की सगळ्या बदलतात, आणि लहान-मोठं कितीही केलं तरी मूळ चित्र शाबूत. शिवाय विमानाचं मॉडेल बनवणारे रंगवण्यासाठी जी पेंटकिट देतात ती बहुतेक पीएसडी, म्हणजे फोटोशॉपच्याच फाइली असतात. पॅनेलच्या रेघा, रिव्हेट, काजळी, सावल्या सगळे वेगवेगळे लेअर (एकावर एक ठेवलेले थर) वर, आणि मध्ये ‘इथे रंगवा’ म्हणून रिकामी जागा. फोटोशॉपमध्ये ती फाइल जशी बनवली तशी उघडते. पण या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्त्या २०१३ पासून वर्गणीवरच मिळतात, आणि मी वर्षाला तीन-चार विमानं रंगवणार. भाचा म्हणाला, “मावशी, तू माझ्याकडेच येऊन करत जा ना.” गेले असते, पण मला रात्री साडेअकराला पट्टा एक पिक्सेल वर घ्यावासा वाटतो, त्याचं काय?

म्हणून गिंप. फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतो, डीडीएस फाइल (सिम्युलेटरची टेक्स्चर हिच्यात असतात) वेगळं काही न जोडता उघडतो आणि लिहितो. माझी बहुतेक कामं आता यातच होतात. पेंटकिटची पीएसडी उघडते, लेअरची नावं आणि गट येतात, मास्क येतात. मात्र जुन्या २.१० मध्ये लेअर स्टाइल, म्हणजे लेअरला दिलेले सावली-उठावाचे परिणाम, गळून पडतात. माझ्या एका पेंटकिटमध्ये पॅनेलच्या रेघांची खोली लेअर स्टाइलनेच दिलेली होती. गिंपमध्ये विमान इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. भाच्याकडून ते लेअर एकदा चित्रात बदलून आणले आणि प्रश्न मिटला. २०२५च्या मार्चमध्ये गिंप ३.० आलं, त्यात फिल्टर लावून नंतरही बदलता येतात. यासाठी मी फार थांबले होते. काजळी किती धूसर हवी हे विमान उन्हात उभं केल्याशिवाय कळत नाही.

पट्टा मात्र मी गिंपमध्ये काढत नाही. तो इंकस्केप या वेक्टरच्या प्रोग्रॅममध्ये. तिथे वक्राच्या टोकाला धरून हवं तेवढं वळवता येतं आणि हवं त्या आकारात पीएनजी काढता येते. टेक्स्चर मागे फिकट करून ठेवायचं, वर पट्टा, निर्यात, गिंपमध्ये टाकायचं, एक्स-प्लेनमध्ये विमान पुन्हा लोड करून बघायचं. सांगायला लांबलचक आहे, हाताला बसलं की दीड मिनिटाचं काम.

आता खरी गोम. अल्फा चॅनेल, म्हणजे लाल, हिरवा, निळा यांच्या जोडीला प्रत्येक पिक्सेलचा चौथा आकडा.

चित्राच्या प्रोग्रॅमला वाटतं अल्फा म्हणजे पारदर्शकता. सिम्युलेटरला तसं वाटतंच असं नाही. एक्स-प्लेनच्या आधुनिक विमानांत नॉर्मल मॅप नावाची दुसरी फाइल असते: लाल-हिरव्या चॅनेलमध्ये पृष्ठभागाचे उंचवटे, निळ्यात धातूपणा, आणि अल्फात चकाकी. अल्फा शून्य म्हणजे तिथला रंग मंद, एवढाच अर्थ. पण प्रोग्रॅमला वाटतं तिथे काही नाहीच, आणि काही नाही तिथले रंग जपून ठेवायचे कशाला? मी एका प्रोग्रॅममध्ये ही फाइल उघडली, चकाकी थोडी कमी केली, सेव्ह करताना समोर आलेला प्रश्न न वाचताच पुढे गेले. दुसऱ्या दिवशी पोटाखालचे सगळे रिव्हेट गायब, आणि पंखाच्या मुळाशी वेड्यावाकड्या सावल्या. दोन संध्याकाळी मी दिव्यांच्या सेटिंगमध्ये चूक शोधत बसले होते.

फोटोशॉपमध्ये अल्फा चॅनेल वेगळा उभा असतो, त्यावर स्वतंत्र काम होतं. फक्त तो टीजीए किंवा डीडीएस फाइलमध्ये जपायचा. डीडीएससाठी एनव्हिडियाचं फुकट प्लगइन जोडावं लागतं. गिंपमध्ये वळसा घ्यावा लागतो. आधी सगळे लेअर सपाट करून एक करायचे, मग त्यावर चकाकीचं करडं चित्र लेअर मास्क म्हणून चढवायचं, मास्क लागू करायचा, आणि पीएनजी निर्यात करताना पारदर्शक पिक्सेलांचे रंग जपण्याची खूण केलेली आहे ना ते बघायचं. क्रम चुकला, म्हणजे मास्क आधी आणि सपाट नंतर, की मेहनत वाया. मी हा क्रम कागदावर लिहून स्क्रीनच्या कडेला चिकटवला आहे.

हे सगळं कळकळीनं सांगते कारण मला चकचकीत, बिनरंगाच्या धातूची विमानं आवडतात. अमेरिकन एअरलाइन्सची बहुतेक विमानं २०१३ पर्यंत तशीच असायची, उघडा घासलेला धातू आणि त्यावर तीन रंगांचे पट्टे. तसं विमान रंगवायचं तर रंगाचं काम थोडं आणि धातूपणा-चकाकीचं जास्त. नुसता करडा रंग फासला तर पत्र्याची पेटी दिसते.

मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर २०२० मध्ये हीच माहिती वेगळ्या घड्या घालून ठेवलेली असते. तिथल्या मिश्र टेक्स्चरमध्ये लालात कानाकोपऱ्यांतली सावली, हिरव्यात खडबडीतपणा, निळ्यात धातू. इथे गिंपचं ‘डिकम्पोज’ मला सगळ्यात जास्त उपयोगी पडलं. एका आदेशात चॅनेल तीन करड्या लेअरमध्ये सुटे होतात, हवा तो बदलायचा, पुन्हा एकत्र करायचे. शेवटी ‘लेआउट.जेसन’ ही यादी नव्यानं बनवायला विसरू नका. टेक्स्चर त्या यादीत नसेल तर सिम्युलेटर त्याच्याकडे ढुंकून बघत नाही.

पेंट.नेट या नावावर जाऊ नका. विंडोजपुरतंच आहे, लेअर मास्क नाहीत, लेअरचे गट नाहीत, लिहिलेली अक्षरं एकदा ठेवली की ठेवली. पूर्ण रिपेंट यात करायला मी कुणाला सांगणार नाही. पण डीडीएस लिहावं ते यानंच. चित्र आकुंचित करून जागा वाचवण्याची बीसी७ पद्धत यात आहे, आणि सेव्ह करण्यापूर्वीच आकुंचन पावलेलं चित्र कसं दिसेल ते दाखवतं. जुनी डीएक्सटी१ पद्धत चार बाय चार, म्हणजे सोळा पिक्सेलांचा चौकोन घेते, त्यात दोनच मूळ रंग ठेवते आणि बाकीचे त्यांच्या मधले मानते. पांढऱ्यावर लाल, त्याखाली निळी किनार असा तीन रंगांचा चौकोन आला की ती गोंधळते आणि माझ्या किनारीला जांभळी झाक येते. बीसी७ जागा दुप्पट घेते, पण किनार निळीच राहते. ४०९६ बाय ४०९६चं टेक्स्चर उघडं ठेवलं तर ६४ एमबी, बीसी७ मध्ये १६, डीएक्सटी१ मध्ये ८, आणि मिपमॅप (दुरून दिसण्यासाठीच्या लहान-लहान प्रती) जोडले की प्रत्येकी साधारण एक तृतीयांश वर. मिपमॅप जोडाच, नाहीतर दूरवरून खिडक्यांची रांग चमचमत राहते.

हाच ६४ चा आकडा काम करतानाही लक्षात ठेवा. प्रत्येक पूर्ण लेअरला तेवढी जागा लागते, तीस लेअर म्हणजे जवळजवळ दोन जीबी. माझा लॅपटॉप आठ जीबीचा आहे. ८१९२चं पेंटकिट त्यात उघडलं तर चौपट, मग पंखा असा घोंघावतो की विमान टेबलावरच उडणार. मी ज्यांना हात लावायचा नाही ते लेअर आधीच एकत्र करून घेते.

क्रिटा मला चित्रं काढायला आवडतं. शेपटावर हातानं पक्षी किंवा लाटा रंगवायच्या असतील तर ब्रश तिथलेच घ्यावेत. डीडीएस लिहीत नाही, त्यामुळे पुढचा प्रवास दुसरीकडेच. ब्लेंडरमध्ये थेट त्रिमितीय विमानावर, शिवणीवरून रंगवता येतं. पट्ट्याच्या छळावर खरा उतारा तोच, अट एवढीच की विमानाचं मॉडेल तुम्हाला उघडता यायला हवं.

मायक्रोसॉफ्टच्या जुन्या एफएसएक्स सिम्युलेटरसाठी रंगवणार असाल तर घाबरू नका: डीडीएस उघडल्यावर विमान डोक्यावर उभं दिसतं, कारण तिथली टेक्स्चर खाली-वर उलटीच ठेवतात. उघडल्यावर उभं उलटवा, लिहिताना पुन्हा उलटवा. पेंट.नेट, गिंप दोन्हींत एका आदेशाचं काम.

तर माझं बिऱ्हाड असं: आखणी इंकस्केपमध्ये, रंग गिंपमध्ये, शेवटचा डीडीएस पेंट.नेटमध्ये. तिघांत मिळून खर्च शून्य. रोज चित्रांचंच काम असेल आणि फोटोशॉप आधीच घेतलेलं असेल, तर दुसरं काही शोधू नका.

डीसी-३चा पट्टा आता दोन्ही बाजूंनी जुळला आहे. पंखाखालची नोंदणीची अक्षरं मात्र सोडून द्यावी लागली. त्या मॉडेलमध्ये दोन्ही पंख एकच तुकडा वापरतात. डाव्या पंखावर सरळ लिहिलं की उजव्यावर उलटं उमटतं. मॉडेल बनवणाऱ्यानं कापड तसंच बेतलंय, तिथे रंगवणाऱ्याचा कुठला प्रोग्रॅम काय करणार?